वाघबारशीचं तिकीट

अन्याय माझ्या बापावर झाला. गेल्या वर्षी वाघबारशीला, भर दुपारी, एका राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर. उद्यानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, तिथला माणूस खराब असेल, आणि विषय संपतो. तिथला माणूस खराब नव्हता.

आदिवासींच्या एका संघटनेत मी पत्रकं लिहिते. आल्या आल्या शिकवलं होतं, पहिल्या ओळीत कोणावर आणि केव्हा ते सांगायचं, रडारड खाली. दुसऱ्यांची पत्रकं मी एका बैठकीत लिहून काढते. बापाचं लिहायला वर्ष गेलं. तेही पत्रक झालं नाही, हे असं काहीतरी झालं.

वाघबारस म्हणजे काय ते आधी सांगते, कारण नाशकात कॉलेज रोडवर विचारलं तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. ज्या दिवशी शहरात वसुबारस असते, बायका गाय-वासराला ओवाळतात, त्याच दिवशी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात आमची माणसं वाघाला नैवेद्य दाखवतात. गुरं राखायची तर वाघाशी बोलणं ठेवावं लागतं, एवढा साधा हिशेब. गावाच्या शिवेवर वाघदेव असतो. उभा दगड, त्यावर शेंदूर, वर चंद्र-सूर्य, मधे वाघ. गुराखी खीर शिजवतात, दगडापुढं पानावर ठेवतात आणि उरलेली तिथंच बसून खातात. खीर घरी आणायची नाही. आणली तर तो वासावर मागोमाग दारापर्यंत येतो, असं म्हणतात.

आमच्या गावात पहिलं पान ठेवायचा मान आमच्या घराचा. घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाचा. एक वर्ष चुकलं तर मान घरातून जातो. माझे मोठे काका हे पान ठेवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते वारले आणि मान माझ्या बापाकडे आला.

अडचण एकच. गाव आता नाही. उद्यान झालं तेव्हा गाव उठवलं आणि रस्त्याकडेला वस्ती करून दिली. दगड आत राहिला. बाप तेव्हाच नाशकात आला, सातपूरच्या एका कारखान्यात लागला, लेथवर उभा राहिला तो निवृत्त होईपर्यंत. आम्ही पेठ रोडला राहतो. मी लहान असताना शाळेत कुणी मूळ गाव विचारलं की घरी येऊन त्याला विचारायचे. तो म्हणायचा, "नाशिक लिही."

काका मात्र वस्तीवरच राहिले. दर वाघबारशीला दहा-पंधरा माणसं घेऊन आत जायचे. फाटकावरचे सोडायचे. कागद कुठंच नव्हता. ओळखीवर चालायचं, आणि चालत होतं तोवर कुणाला कागद सुचला नाही. मलाही.

सकाळी निघालो तेव्हा पेठ नाक्यावर दारादारांत गाईच्या पावलांची रांगोळी होती. गाडीत आम्ही चौघं. बाप, त्याची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आत्याचा मुलगा आणि मी. आतेभाऊ त्याच रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो, ती जीपच आणली होती. बापाने निरोपसमारंभाला शिवलेला पांढरा शर्ट घातला होता आणि कंपनीने दिलेलं घड्याळ.

"मुलगी बघाया चाललास का रं?" आत्या म्हणाली.

"देवाला जायचंय."

"देवानं तुला लंगोटीत बघितलाय."

आतेभाऊ हसून हसून लाल झाला. बापही जरा हसला असावा. तो पुढं बसला होता, मला मानच दिसत होती.

खीर शिजवायचं भांडं आत्याच्या मांडीवर होतं. पितळेचं, काकांचं. ती रामशेजचा किल्ला मागं पडेपर्यंत ते पदराने पुसत होती. "मी थोरली," ती मला म्हणाली. "पण पानाचा मान बाईला नाय. त्याला विचारलं का कुणी, बाईच्या हातची चालते का नाय ते?"

"कुणाला?"

"त्यालाच की." वाघाचं नाव तिने घेतलं नाही. त्या दिवशी घेत नाहीत. 'मोठा' म्हणतात, नाहीतर नुसतं 'तो'.

उमराळ्याला रस्त्याकडेला दोन बायांनी हात केला आणि आतेभावाने सवयीने ब्रेक मारला. एक बाई चढून आत बसलीसुद्धा. तिला उतरवताना त्याची अशी काही धांदल झाली की आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे, घे तिला पण, देवाला गर्दी आवडते." बाईला करंजाळीला सोडलं. उतरताना ती बापाला 'साहेब' म्हणाली. त्यानेही मान हलवली.

सावळघाटाच्या वळणांवर खुरासणी फुलली होती, उतारच्या उतार पिवळे. नागली तयार होती. कोटंबीच्या घाटात धुकं होतं. एरवी मी या रस्त्याने मोर्च्याची तयारी करायला जाते आणि मला पाड्यांची नावं आणि कुठं कोणता प्रश्न अडलाय तेवढंच दिसतं. त्या दिवशी खिडकीतून नुसतं बघत होते. बापाने कधी कुठलं झाड दाखवलं नाही, कधी 'इथं आम्ही' असं काही म्हणाला नाही. मी वाट बघत होते का, तेही आठवत नाही.

पेठच्या पुढं मोठा रस्ता सोडला आणि जंगल लागलं. साग, ऐन, मधे बांबूची बेटं. रस्ता अरुंद झाला, फोनची रेंज गेली. एका वळणावर आतेभावाने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. खाली दरी, पलीकडे डोंगरावर डोंगर, एकही घर नाही. मग त्याने परत चावी फिरवली.

वस्तीवर पोचलो तर बहुतेक घरांना कुलूप. एक म्हातारी दोन-तीन लहानग्यांना घेऊन ओट्यावर बसली होती. माणसं कुठं गेली विचारलं तर म्हणाली, "छाटणीला." द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी. पाऊस लांबला होता म्हणून पिंपळगाव, दिंडोरी, सगळीकडचे मळेवाले एकदमच बोलवायला लागले होते. जीप भरभरून माणसं गेली होती.

"देवाला कोण गेलं?" बापाने विचारलं.

"कोण जाईल? मान तुमचा. तू जा." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "धाकटा ना तू?"

"हो."

"थोरला गेला आन् आम्ही तुझीच वाट बघत होतो."

ओढ्याकाठी तीन दगड मांडून बापाने खीर शिजवली. घरी हा माणूस चहाचं आधण ठेवत नाही. इथं त्याने दगड दोनदा हलवून नीट बसवले, वाऱ्याकडे पाठ करून बसला, तांदूळ, दूध, गूळ, कशानंतर काय ते कुणाला विचारलं नाही. आत्याने डाव पुढं केला तर म्हणाला, "काठी." हिरवी काठी सोलून त्याने खीर ढवळली. आत आग पेटवू देत नाहीत म्हणून काकाही इथंच शिजवून आत न्यायचे. मी फोनवर एक फोटो काढला. त्यात धूरच आलाय.

फाटकावर गर्दी होती. हंगाम नुकताच उघडला होता, त्यात दिवाळीची सुट्टी. बाजूला फायबरचा वाघ उभा केलेला, पोरं त्याच्या पाठीवर चढून फोटो काढून घेत होती. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कुठून आलात?"

"नाशिक," बाप म्हणाला.

एवढंच झालं. त्या एका शब्दावर माझ्या बापाचा हक्क संपला. हे मी कुणाला सांगितलं की ते म्हणतात, अहो मग त्यांनी सांगायचं ना इथलेच आहोत म्हणून. कारखान्यात पहिल्या दिवशी त्याने गावाचं नाव सांगितलं होतं. त्यावर एकजण म्हणाला होता, शेपूट घरी ठेवून आलास का. हे मला आत्याने सांगितलं, त्याने नाही. त्यानंतर माणूस जन्मभर नाशिक म्हणत आला. त्या फाटकावरसुद्धा ते आधी तोंडातून निघालं.

"बुकिंग नसेल तर सफारीची रांग तिकडं," खिडकीतला म्हणाला.

आत्या पुढं झाली. "अरे बाबा, आमी हितलीच. आतल्या गावची. आज देवाला सोडता ना तुमी?"

आता त्याने वर बघितलं. पांढरा शर्ट, घड्याळ, मग मी, माझ्या खांद्यावरची बॅग. "ते आत्ता नाशिक म्हणाले."

"त्याला तशी सवय हाय."

"मावशी, वस्तीवरच्यांना सोडतो आम्ही. तोंडओळखीवर. एक म्हातारबाबा यायचे सगळ्यांना घेऊन."

"आमचा भाऊ. वारला."

"मला नव्हतं माहीत," तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं. मग त्याने आधार मागितलं. आधारवर पेठ रोड, नाशिक. त्याने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. "यावर कसा सोडू मी? वर कॅमेरा हाय. उद्या कुणीही येऊन म्हणेल मी इथलाच."

मग मी बोलले. वनहक्क कायदा, देवस्थानाला जायचा हक्क, ग्रामसभा, सगळं. मला हे पाठ आहे, आणि मी बरोबर होते.

"ताई, तुमचं बरोबरच असणार," तो म्हणाला. "साहेबांना सांगा."

"साहेब कुठं आहेत?"

"सुट्टीवर. दिवाळी हाय."

"मग सोडत नाही असं लिहून द्या."

"लिहून दिलं तर ते माझं शेवटचंच लिहिणं होईल इथलं."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, अहो आटपा. माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. अशा वेळी माझा आवाज आपोआप चढतो. बाप म्हणाला, "बास." मला नाही, सगळ्यांनाच. मग खिडकीत वाकून त्याने विचारलं, "त्या सफारीच्या गाडीची दोन तिकिटं मिळतील का?"

तिकिटं मिळाली. बापाने भांडं उचललं तेव्हा त्या माणसाला परत बोलावं लागलं. सफारीच्या गाडीतून खाण्याचं काही आत नेता येत नाही, माकडं गाडीवर उड्या मारतात. नारळही नाही. भांडं खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवलं. आत्या त्याच्याजवळ स्टुलावर बसली, पदर डोक्यावरून घेऊन, मर्तिकाच्या घरी बसावं तशी.

उघड्या गाडीत आमच्यासोबत एक कुटुंब होतं. नवरा, बायको, शाळकरी मुलगी. "तुम्ही पण नाशिकचे? अरे वा. आम्ही इंदिरानगर." माणसं चांगली होती. मुलीने बापाला गोळी दिली, त्याने घेतली आणि मुठीत धरून ठेवली. गाइड तिशीचा असेल, खाकी टोपी, बोलणं पाठ केलेलं. वाघ आता या जंगलात नाही, बिबट्या आहे, नशीब असेल तर दिसेल. दर दोन वाक्यांनी तो वाघ, वाघ म्हणत होता. बापाची मान दर वेळी थोडी खाली जायची.

वाटेवर एक फांदी गाडीत वाकली होती. बापाने हात लांब करून सागाचं एक पान तोडलं. वाघदेवापुढून रिकाम्या हाताने जात नाहीत.

"काका, हात आत," गाइड म्हणाला. "पान तोडायचं नाही."

एक मोकळी जागा लागली. आंब्याची चार-पाच मोठी झाडं, एक चिंच, गवतात एका जोत्याचे दगड. गाइड म्हणाला, इथं पूर्वी वस्ती होती, आता सकाळी चितळं येतात. इंदिरानगरच्या बाईंनी फोटो घेतला. बाप माझ्या कानाशी म्हणाला, "घर." कुठलं, ते मी विचारलं नाही. तोवर गाडी पुढं गेली होती.

दगड मला वाटला होता त्याहून लहान निघाला. माझ्या कमरेएवढा. भोवती तारेचं कुंपण, पुढं पाटी. शेंदूर जुना पडला होता. तो आदल्या वर्षीच्या वाघबारशीचा, काकांच्या हातचा. गाडी जरा हळू झाली. गाइड म्हणाला, "हा वाघदेव. आदिवासी लोक पूर्वी वाघाला देव मानायचे."

"दोन मिनिटं उतरू का?" बापाने विचारलं.

"नाही काका. खाली पाय लागला की माझं लायसन जातं."

"आज वाघबारस हाय."

गाइडने मागं वळून त्याच्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून, पाठ केलेलं बोलणं सोडून म्हणाला, "माहीत हाय, काका. माझ्या पण घरी आज हाय." आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी निघाली.

तीन तासांची सफारी होती. उरलेल्या वेळात आम्ही मोर बघितले, एक भेकर बघितलं, पाणवठा बघितला. मला राग यायला हवा होता. मी आतून शोधत होते, कुठं आहे, कुठं गेला. नव्हता. दात काढताना सुई देतात तसं सगळं बधिर होतं. मुलगी मोराकडे बोट दाखवून काही म्हणाली तर मी हसलेसुद्धा. बापाच्या हातात ते पान तसंच होतं. ते त्याने कुंपणाच्या आत फेकलं नाही. देवाला फेकून देत नाहीत.

फाटकावर परत आलो तर भांडं टेबलावर, आत्या स्टुलावर. खिडकीतला माणूस बाहेर येऊन उभा होता. "घेऊन जा तुमचं," म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "ती घरी नाय नेता येत ना?"

"नाय," आत्या म्हणाली.

"मग इथंच बसून खा की."

"दाखवल्याशिवाय कशी खायची?"

आतेभाऊ फायबरच्या वाघाकडे बघून म्हणाला, "मामा, तो पण त्यातलाच हाय की. त्याला दाखवा." आत्याने त्याला असा चिमटा काढला की तो बाजूला झाला. बापाने मात्र त्या पुतळ्याकडे खरंच बघितलं. म्हणाला, "त्याच्यावर पोरं बसलीत."

त्याने भांडं उचललं, कुंपणाच्या कडेला एका ऐनाच्या झाडापाशी गेला आणि खीर बुंध्याशी ओतली. एकदम नाही, हळूहळू. काठीने भांडं निपटलं. आम्ही गाडीत बसेपर्यंत माकडं उतरली होती.

परतताना घाटात बाया काकड्या विकायला बसल्या होत्या. आत्याने घेतल्या, मीठ लावून सगळ्यांना दिल्या. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. बाप खात होता आणि मधेच म्हणाला, "मान गेला."

"गेला तर जाईल दुसऱ्या घरात," आत्या म्हणाली.

"दुसरं घर कुठाय? छाटणीला."

नंतर घरी कधी त्याने हा विषय काढला नाही. शर्ट धुवून ठेवला. मी सुद्धा कामाला लागले, दुसऱ्यांची पत्रकं लिहिली.

दिवाळीनंतर वस्तीवरची माणसं परतली तेव्हा जुनी-जाणती मंडळी बसली. आत्या गेली होती. त्यांनी ठरवलं ते असं: थोरला गेल्याचं वर्ष होतं, सुतक धरू, ते वर्ष मोजणार नाही. या वर्षी धाकट्याने खीर आत नेली आणि पान ठेवलं तर मान त्याच घरात. नाही ठेवलं तर मान कुणालाच द्यायचा नाही. कारण वस्तीवर आता कुणाला खात्री नाही की पुढच्या वर्षी आपल्याला तरी सोडतील. म्हणजे दगडापुढं पान ठेवणं बंद. बापाला हे सांगितलं तेव्हा तो टीव्ही बघत होता. त्याने आवाज कमी केला, ऐकलं आणि परत वाढवला. पण दुसऱ्या दिवशी काकांचं भांडं त्याने आत्याकडून मागून आणलं. ते आमच्या फळीवर आहे.

वाघबारशीला पायी आत सोडावं म्हणून आम्ही वनखात्याला अर्ज दिला. वस्तीच्या सह्या घेतल्या, ग्रामसभेचा ठराव जोडला. कचेरीतून तोंडी उत्तर मिळालं. हक्क आहे, ते कुणी नाकारत नाही. पण वाघबारस दिवाळीच्या सुट्टीत येते, त्या दिवशी सफारीच्या गाड्या भरलेल्या असतात, आणि गाड्या आत असताना पायी माणसं सोडता येत नाहीत. गाड्या नसल्या तर बघू.

गाड्या नसल्या तर. म्हणजे आता गोष्ट साहेबावर नाही, फाटकावरच्या माणसावरही नाही. त्या गाडीत जो बसणार आहे त्याच्यावर आहे. तो बहुतेक नाशिकचाच आहे. तो तुम्ही आहात.

जंगल बघायला जा, जरूर जा. वर्षातले बाकीचे सगळे दिवस तुमचे. पण कॅलेंडर काढा, वसुबारस कधी आहे बघा. त्या दिवशी सह्याद्रीत कुठल्याही उद्यानात सफारीला जाऊ नका. तिकीट काढलं असेल तर रद्द करा, आणि का रद्द करताय ते तिथं कारणाच्या रकान्यात लिहा. आज करा.